विरुद्धार्थी रकाना

चोडणहून रायबंदर, आठ मिनिटं.
ओहोटी असली तर दहा.
तेवढ्यात सात शब्द बसतात, असा तिचा हिशेब.

आग्नेल पदेराची धाकटी, क्लोटिल्डा.
एका सोमवारी वही सरळ माझ्या हातात दिली,
"अंकल, तुम्ही विचारा, मी सांगते."
म्हटलं, बाय, मी नववी. तीही मराठी शाळेतली.
मंगळवारी पाहतो तर प्रत्येक शब्दाखाली
पेन्सिलीनं उच्चार, देवनागरीत.
माझ्यासाठी.

एका हातात रँपची साखळी, दुसऱ्यात वही.
पाच रकाने: शब्द, अर्थ, सारखा, उलटा, वाक्य.
लोक्वेशस?
बोलघेवडा.
सारखा?
गॅर्युलस.
उलटा?
टॅसिटर्न.
स्कूटरवाले हेल्मेटच्या आतून बघायचे.
मासळीची पाटी पायांशी घेऊन पिएदाद ऐकायची,
तिसऱ्या आठवड्यात मध्येच म्हणाली,
"म्हणजे मी लोक्वेशस?"
सगळी फेरी हसली.
नाही असं कुणी म्हटलं नाही.

मग एकदा पाचव्या रकान्यात
एक वाक्य दिसलं, त्यात फेरी होती, माणूस होता,
आणि टॅसिटर्न.
एवढं इंग्रजी मलाही कळतं.
"हा मी काय गं?"
ती तिवरांकडे बघायला लागली,
जसे काही आजच उगवलेत.

समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी चालतात,
असं मास्तर शिकवायचे.
चालत नाहीत.
अबोल म्हटलं की केसांतला गजरा आठवतो.
मितभाषी हे निरोपसमारंभात, शाल घालताना.
मुखस्तंभ मला गणिताच्या मास्तरांनी केलं,
फळ्यासमोर, हातात खडू असताना.
आणि घुमा. तो आमच्या घरचा.
सुकांती म्हणते, ताट ठेवताना,
माझ्याकडे न बघता.
माणूस एकच, वजनं चार.
टॅसिटर्न त्यात हलका वाटला.
परका शब्द.
त्यानं मला अजून कुणी मारलं नव्हतं.

एका गुरुवारी तीच अडली. ब्रॅकिश.
अर्थाच्या रकान्यात खारट लिहून खोडलेलं.
मी कठड्यावरून खाली बोट दाखवलं.
मचूळ, म्हटलं.
खारं नव्हे, गोडं नव्हे.
समुद्र वर चढतो, डोंगराचं पाणी खाली येतं,
आपल्या फेरीच्या पोटाखाली दोघांची गाठ पडते
आणि निकाल काही लागत नाही.
मे महिन्यात जिभेला झोंबतं,
श्रावणात जवळजवळ गोडं होतं, जवळजवळच.
खेकडी यातच पोसतात, खाजनातलं कोरगूटही
याच्याशी जमवून घेतं...
बोलता बोलता धक्का आला.
रँप टाकायला उशीर झाला,
मागून हॉर्नच हॉर्न.
"आणि उलटा?" तिनं उतरता उतरता विचारलं.
मला सुचला नाही.
रकाना तसाच राहिला.

परीक्षा मार्चात झाली म्हणे.
पिएदाद सांगते, पास झाली, दुबईला गेली.
सांतान सांगतो, म्हापशाला दुकानात असते.
दोघांचाही शब्द खरा धरता येत नाही.

काल नदीच्या मधोमध इंजिन अडलं.
सांतान वरून ओरडला, काय झालं?
"ऑब्ड्युरेट," मी म्हटलं.
"म्हणजे?"
"हट्टी."
"मग तसं सांग ना. आणि पाना आण."

रात्री सुकांतीनं ताट ठेवलं.
बांगड्याचं हुमण, भात.
मी म्हटलं, आज फेरी बंद पडली.
मधोमध. पाऊण तास.
ती वळली होती, थांबली.
डाव तसाच हातात.
"मग?" म्हणाली,
आणि पाट ओढून बसली.